फी माफ, पण खोलीचं काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गावात कुणी कविता लिहीत असेल, तर लोक त्याच्याकडून दोन कामं हक्कानं करून घेतात. एक लग्नपत्रिकेचा मजकूर आणि दुसरं सरकारी अर्ज. मी बी.ए. झालेला, वर मराठीत कविता लिहिणारा. त्यामुळे चंद्रपूरच्या आमच्या मोहल्ल्यात गेली तीस वर्षं ही दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. आता अर्ज कागदावरून संगणकावर गेले, तरी लोक यायचे थांबले नाहीत. ‘हे बरोबर भरलं ना?’ असं विचारायला कुणीतरी लागतंच.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांची भाची अशीच आली. चामोर्शी तालुक्यातलं गाव, घरी तीन एकर धानाची शेती. बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी झालेली, सीईटी दिलेली आणि नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नंबर लागलेला. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून ठेवलेलं. नुकताच, जुलैमध्ये, राज्य सरकारचा निर्णय आला होता. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मी तिला मोठ्या उत्साहानं म्हटलं, की बाई, तुझं नशीब जोरावर आहे.

ती हसली नाही. प्रवेशाचा कागद उलटा करून तिनं माझ्यासमोर ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं हिशेब मांडला होता. खोली, दोघींत मिळून, आपल्या वाट्याचे अडीच हजार. मेस तीन हजार. खोलीची अनामत पाच हजार. सणावाराला गावी येणं-जाणं, पुस्तकं, वह्या. वर्षाचे सत्तर हजारांच्या वर जात होते. सगळ्यांत खाली धानाच्या चुकाऱ्याची अंदाजी रक्कम लिहून ती खोडलेली होती. चुकारा हिवाळ्यात येणार आणि मेसवाला पहिल्या महिन्यातच पैसे मागणार.

‘काका, फी तं माफ झाली. पण राहू कुठं?’

श्रोतेहो, हा हिशेब मी आधीही पाहिला होता. १९८५ साली, आलापल्लीला, अब्बांच्या वहीत.

अब्बा एका आरागिरणीत मुनीम होते. आम्ही दोघं भावंडं, आपा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला विज्ञानाचं वेड होतं. सागाचं शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस हे मला तिच्याकडून कळलं. मला ते नाव गाण्यासारखं वाटलं, तिला त्यातलं कुळ-मूळ कळत होतं. तिच्या प्रयोगवहीतल्या आकृत्या अम्मी आल्यागेल्याला दाखवायची, जसं लोक भरतकाम दाखवतात. १९८५ मध्ये आपा बारावी विज्ञान पहिल्या श्रेणीत पास झाली. पुढे बी.एस्सी. करायची तर घरच्यांना दिसत होतं ते चंद्रपूर. शंभरावर किलोमीटर, जंगलातला रस्ता आणि पावसाळ्यात तोही कधी बंद.

अब्बांनी आठवडाभर वही पुढे ठेवून विचार केला. फी त्यांना भारी नव्हती, हे मला नक्की आठवतं. अडलं ते राहण्यापाशी. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही. खोली भाड्यानं घेऊन मुलीला एकटं ठेवणं त्या काळी कुणाला सुचलंही नसतं. सोबत अम्मीला पाठवायचं तर दोन चुली, दोन भाडी. शेवटी अब्बा म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ ते पुढचं वर्ष आलं नाही.

१९८७ मध्ये मी बारावी कला शाखेतून पास झालो. दुसरी श्रेणी, तीही काठावरची. चार दिवसांत मी चंद्रपुरात होतो. अब्बांच्या ओळखीच्या एका कापडवाल्यानं त्याच्या गोदामात झोपायला जागा दिली. भाडं नाही, रात्री राखण करायची एवढंच. कापडाच्या गाठींवर झोपायचं, सकाळी सार्वजनिक नळावर अंघोळ, दोन वेळा खाणावळ. असं मी तीन वर्षांत बी.ए. केलं, पहिल्या कविता तिथेच लिहिल्या.

त्या गोदामात आपा राहू शकली असती का?

माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. मुलाला शिकायला जायचं तर एखादा ओटाही पुरतो. मुलीला दार लागतं, दाराला कडी लागते, न्हाणीघर लागतं, रात्री आठनंतर परतायचं तर रस्त्यावर दिवा लागतो. म्हणजे फी दोघांना एकच असली, तरी तेच शिक्षण मुलीला महाग पडतं. म्हणून फी माफ केल्यानं मुलगी मुलाच्या बरोबरीला येते, हे गणित मला पटत नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. ही हकिगत ऐकून काही मित्र चटकन म्हणतात, ‘तुमच्यात मुलींना शिकवत नाहीत ना.’ उत्तर सोपं आहे, म्हणून आवडतं. पण आमच्या गल्लीतल्या कुणब्याच्या, तेल्याच्या, मास्तरांच्या घरीही त्या वर्षी हाच हिशेब झाला होता आणि उत्तरही हेच निघालं होतं. अब्बा आपाला शिकवू नये असं मानणारे नव्हते. त्यांच्याजवळ एका सुरक्षित खोलीचे पैसे नव्हते.

आता सरकारच्या वहीकडे येऊ. महाराष्ट्रानं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये आणलं, त्यानंतर २००१, २०१४ आणि चौथं ८ मार्च २०२४ ला. व्यावसायिक शिक्षणात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. जुलै २०२४ च्या फीमाफीसाठी मंत्रिमंडळानं ९०६ कोटींच्या अतिरिक्त खर्चाला मान्यता दिली. याचं मोल मी कमी लेखत नाही. शहरात, आईवडिलांच्या घरी राहून शिकणाऱ्या मुलीला या निर्णयानं खरंच हात दिला. पण निर्णयातले शब्द नीट वाचा: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. वसतिगृह, मेस, प्रवास हे त्यात नाहीत. प्रवेशही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्याचा चालत नाही.

प्रवासाचंच घ्या. आमच्या भागात मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बस गावागावांतून मुलींना शाळेत नेतात. ज्यांची शाळा जवळ आहे त्यांना सायकली मिळतात. या बसनं किती मुलींची शाळा वाचवली, हे सकाळी एखाद्या फाट्यावर उभं राहिलं की दिसतं. पण ही सोय बारावीपर्यंत आहे. बारावीनंतर तीच मुलगी त्याच फाट्यावर साध्या एसटीची वाट पाहत उभी असते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेवढा आधार. मात्र अर्ध्या तिकिटाला गाडी तर यायला हवी!

विद्यापीठाचंही असंच होतं. पूर्वी आमचे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठाखाली. सिरोंच्याच्या मुलीला गुणपत्रिकेतली नावाची चूक दुरुस्त करायची तर आधी दोनशे किलोमीटर गडचिरोली, तिथून पुढे नागपूर. एक कागद, दोन मुक्काम आणि सोबत वडील किंवा भाऊ, म्हणजे त्यांची मजुरी बुडाली. २७ सप्टेंबर २०११ ला गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीला स्थापन झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी अस्मितेबद्दल लिहिलं. मला त्यात वाचलेला एक मुक्काम दिसला. स्त्री-पुरुष समानतेच्या कोणत्याही योजनेत या निर्णयाची गणना नसेल, पण मुलींच्या बाजूनं झालेल्या मोठ्या कामांत मी तो धरतो.

खोलीला खर्च मानणाऱ्या योजना अलीकडे आल्या आहेत, हेही सांगायला हवं. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, तर राहण्याजेवणाची रक्कम थेट खात्यात देणारी ‘स्वयं’ योजना २०१६ पासून आहे. अनुसूचित जातींसाठी ‘स्वाधार’, नंतर ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना. विचार अगदी बरोबर. पण मुली सांगतात, की हप्ता उशिरा येतो आणि घरमालक उशीर मानत नाही. रक्कमही मुलाला आणि मुलीला एकच असते, म्हणजे गोदाम आणि कडीची खोली पुन्हा एका भावानं मोजली गेली.

इथवर पदवीचं झालं. पदवी घेऊन पुढे विज्ञानातच काम करायचं म्हटलं, तर काय होतं?

एकेकाळी दारच बंद होतं. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची बहीण, मुंबईहून बी.एस्सी. होऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा नोबेल मिळवलेल्या सी. व्ही. रामन यांनी ती बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली. मग एक वर्ष पारखून घेऊ, अशा अटीवर घेतलं. पुढे १९३९ मध्ये तिनं केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. याच त्या कमला सोहोनी.

आज दार उघडं आहे. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सुमारे ५७ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुली मुलांपेक्षा जास्त, जवळजवळ ३० लाख. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दुसरा आकडा मात्र असा: २०१८ च्या सरकारी आकडेवारीत प्रत्यक्ष संशोधनाच्या कामात असलेल्यांमध्ये बायका १६.६ टक्के. वर्गात निम्म्याहून अधिक आणि प्रयोगशाळेत सहांत एक.

आमच्याकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, धानाला त्यांचं पाणी जातं. तलाव तुडुंब भरलेला असतो आणि शेवटच्या बांधीत भेगा पडलेल्या असतात. अशा वेळी शेतकरी तलावाकडे बघत बसत नाही. पाट कुठे फुटला, कुठे बुजला, हे बघत तो काठाकाठानं चालत जातो. आपणही तसंच जाऊ.

पहिली फूट लग्नाची, बाळंतपणाची. पंचविशी ते पस्तिशीत संशोधक घडतो आणि आपल्याकडे संसारही तेव्हाच घडतो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ मध्ये कामात खंड पडलेल्या स्त्री-वैज्ञानिकांसाठी निधीची योजना सुरू केली, ती पुढे ‘किरण’ नावाखाली आली. चांगली योजना. पण निधी बाईच्या नावावर आला, तरी तिला सामावून घेणारी संस्था आणि प्रयोगशाळा लागते. एम.एस्सी. झालेली बाई नवऱ्याच्या बदलीमुळे धानोऱ्याला राहायला आली, तर तिची प्रयोगशाळा कुठे? विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ च्या नियमात पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षं जादा आणि २४० दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजा दिली. खर्चाच्या मानानं मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

दुसरी फूट जरा अदृश्य आहे. अर्ज तपासणाऱ्याच्या मनातली. १९९५ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे संशोधनवृत्तीसाठी ११४ अर्ज आले, ६२ पुरुषांचे आणि ५२ बायकांचे. वृत्ती मिळाल्या १६ पुरुषांना, ४ बायकांना. क्रिस्टीन वेनेरास आणि आग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी गुणांचे कागद मागितले. मिळेनात, तेव्हा न्यायालयात गेल्या. कागद हाती आल्यावर त्यांनी हिशेब मांडला आणि १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापला. पुरुषाइतके गुण मिळवायला बाईला त्याच्या अडीच पट काम दाखवावं लागत होतं. ही गोष्ट समानतेत जगाचा कित्ता समजल्या जाणाऱ्या देशातली. आपल्याकडचे कागद कुणी असे मांडून पाहिले तर काय निघेल, हा विचार मी करतो आणि पुढे जातो.

यावर ब्रिटननं एक उपाय केला. २००५ मध्ये तिथे विद्यापीठांसाठी ‘अथेना स्वॅन’ नावाची सनद आली. बायकांची नेमणूक, बढती, रजा यांचा हिशेब द्या आणि दर्जा घ्या. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०११ मध्ये मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी सांगितलं, की रौप्य दर्जा नसेल तर वैद्यकीय संशोधनाच्या मोठ्या निधीसाठी विचार होणार नाही. मग धावपळ उडाली! २०२० मध्ये ही अट काढून घेण्यात आली. पण युरोपीय संघानं २०२२ पासून संशोधन निधी मागणाऱ्या विद्यापीठांना समानतेचा आराखडा सक्तीचा केला. आपल्याकडे २०२० मध्ये याच धर्तीवर ‘गति’ नावाचा उपक्रम ३० संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला, संस्था त्यात आपणहून आल्या.

मला तिजोरीला लावलेली अट आवडते. माझं तर म्हणणं आहे, की महाविद्यालयानं नवी तुकडी, नवी इमारत मागितली की आधी एक प्रश्न विचारावा: मुलींच्या वसतिगृहात खाटा किती? केंद्र सरकार २००५-०६ पासून अर्थसंकल्पासोबत स्त्रियांवरील खर्चाचं वेगळं विवरणपत्र देतं. त्याच्या एका भागात पूर्ण स्त्रियांसाठीच्या योजना असतात आणि दुसऱ्या भागात ज्यांचा निदान ३० टक्के पैसा स्त्रियांवर जातो अशा. आकडे कोटींत असतात. खाटांत मोजलेला आकडा मला त्यात हवा आहे.

आता कुणी विचारेल, एवढा खर्च करून बायका विज्ञानात आल्यानं विज्ञानाला काय मिळतं? उत्तरासाठी लांब जायला नको.

डॉ. राणी बंग चंद्रपूरच्याच. त्या आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला काम करायला आले. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच सरकारला आणि शास्त्राला दिसत होतं. राणीताईंनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. त्या बायका काही १९८९ मध्ये आजारी पडल्या नव्हत्या. दुखणं अंगावर काढत होत्या, पण सांगणार कुणाला? विचारणारी बाई डॉक्टर समोर बसली, तेव्हा त्यांनी सांगितलं.

पुढे याच जिल्ह्यात थोडीफार शाळा शिकलेल्या गावातल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या नवजात बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या आणि सगळं लिहून ठेवायच्या. ३९ गावांतल्या या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. घरच्या घरी बाळ जपण्याची ही पद्धत पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. त्या बायकांच्या नोंदींवर जगाचं शास्त्र पुढे सरकलं. त्यांच्यातली एखादी कॉलेजात गेली असती तर, हा प्रश्न मला तो अहवाल आठवला की हमखास पडतो.

योजनांबद्दल आणखी एक तक्रार आहे. त्या रेतीवर बांधल्यासारख्या असतात. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप सुरू झाली. तीत ३० टक्के जागा मुलींसाठी होत्या. २०२२-२३ पासून ती बंद झाली. इतर योजनांत हेच विद्यार्थी बसतात, असं कारण सरकारनं दिलं. असेलही. पण पीएच.डी.चा रस्ता पाच-सहा वर्षांचा असतो आणि घरच्यांना पटवून निघालेली मुलगी त्या भरवशावर निघालेली असते. योजना बदलली की घर पुन्हा ‘पुढच्या वर्षी बघू’वर येतं.

शेजाऱ्यांच्या भाचीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिच्या आईनं बचत गटातून कर्ज काढलं, त्यात अनामत आणि पहिल्या तीन महिन्यांची मेस भागली. वसतिगृहाच्या यादीत नाव नव्हतं, म्हणून तिघी मिळून खोली घेतली. ती नागपूरला गेली.

तिच्या हिशेबाचा तो कागद माझ्याजवळ राहिला होता. एकदा बल्लारपूरला आपाकडे गेलो, तेव्हा तिला दाखवला. आपाचं लग्न १९८९ मध्ये झालं, आता ती आजी आहे. तिनं चष्मा लावून एकेक रकम वाचली. ‘मेसचे पैसे कोणत्या तारखेला द्यायचे असतात?’ एवढंच विचारलं. ‘पाच,’ मी म्हणालो.

तेव्हापासून दर महिन्याच्या चार तारखेला आपा त्या मुलीला हजार रुपये पाठवते. पैसे पोचले का, हे ती विचारत नाही. या आठवड्यात प्रयोगशाळेत काय केलं, ते विचारते आणि मुलगी सांगत असली की फोन कानाला लावून अर्धा-अर्धा तास ऐकत बसते.